अल्टरनेटर उतरवण्याआधी: गाडीची चार्जिंग यंत्रणा मल्टीमीटरने कशी तपासावी

सकाळी बॅटरी उतरलेली सापडली किंवा चालत्या गाडीत बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला, की बहुतेक वेळा ठपका अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर, येतो आणि तो उतरवून नवा किंवा दुरुस्त केलेला बसवला जातो. काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा सुरू होते, कारण दोष अल्टरनेटरमध्ये नव्हताच. तो बॅटरीच्या एखाद्या सेलमध्ये, ढिल्या पट्ट्यात, गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाणाऱ्या जाड वायरच्या लगमध्ये (टोकावरच्या धातूच्या कडीत) होता. या सगळ्या दोषांची बाहेरून दिसणारी लक्षणे जवळजवळ सारखी असली, तरी मल्टीमीटरवर ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात. म्हणून पुढील चाचण्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, की अल्टरनेटरचा नट सोडण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी आणि तोपर्यंत दोष त्यातच आहे याची खात्री झालेली असावी.

येथील आकडे १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी मोटारी, जीप व छोट्या मालवाहू गाड्यांसाठी आहेत. २४ व्होल्टच्या ट्रक-बसना हीच पद्धत लागू पडते. तेथे चार्जिंगचा व्होल्टेज साधारण २७.६ ते २८.८ असतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीत अल्टरनेटर नसतोच. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत त्याच्या जागी पट्ट्यावर चालणारा इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर असतो, त्यामुळे त्या गाड्यांचे काम कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलनुसारच करावे.

आत काय घडते

चाचणीचा अर्थ लावण्यासाठी अल्टरनेटरच्या पोटात काय आहे ते थोडक्यात माहीत असावे लागते. मध्ये फिरणाऱ्या रोटरवर तांब्याच्या तारेची एकच गुंडाळी (वाइंडिंग) असते आणि दोन कार्बन ब्रश स्लिप रिंगांवर घासून त्याला वीज पुरवतात. त्यामुळे रोटर विद्युतचुंबक बनतो आणि त्याच्याभोवती स्थिर बसवलेल्या स्टेटरच्या तीन वाइंडिंगांत तीन फेजची एसी वीज तयार होते. किमान सहा डायोड असलेली डायोड प्लेट त्या एसीचे डीसीमध्ये रूपांतर करते. रेग्युलेटर बॅटरीकडे जाणारा व्होल्टेज पाहून रोटरला मिळणारा प्रवाह कमी-जास्त करतो. अल्टरनेटरचे बहुतेक विद्युत दोष या पाच ठिकाणीच असतात: ब्रश, रोटर, स्टेटर, डायोड आणि रेग्युलेटर. त्यांपैकी ब्रश, डायोड आणि रेग्युलेटर हे तुलनेने स्वस्तात बदलता येतात, म्हणून नेमका दोष शोधण्याला किंमत आहे.

साधने आणि मीटरची परीक्षा

डिजिटल मल्टीमीटर ही मुख्य गरज. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तम, पण घेताना तो डीसी मोजतो याची खात्री करावी. घरगुती वायरिंगसाठी वापरला जाणारा फक्त एसीचा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या वायरभोवती अडकवला तरी चार्जिंगचा प्रवाह दाखवत नाही. मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून चार्जिंगचा प्रवाह मोजण्याचा प्रयत्न कधीही करू नये. छोट्या मोटारीचा अल्टरनेटरही ६० ते ९० अँपिअर देऊ शकतो आणि त्यात मीटर तर जळेलच, हातही भाजेल.

मीटरचीही परीक्षा घ्यावी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरत आली, की तो व्होल्टेज प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो, आणि मग ठणठणीत रेग्युलेटर जादा चार्जिंग करतो आहे असे वाटू लागते. स्क्रीनवर कमी बॅटरीचे चिन्ह दिसत असेल तर आधी ती बदलावी. ओहमच्या रेंजवर दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडाही लिहून ठेवावा. रोटर मोजताना तो वजा करावा लागतो.

सुरक्षितता, आणि एक सवय जी सोडली पाहिजे

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेली आणि मोकळ्या हवेत उभी असावी. हातातली अंगठी, कडे, घड्याळ आणि गळ्यातली साखळी काढून ठेवावी. ओढणी, मफलर किंवा सैल बाही पट्ट्याजवळ येता कामा नये. अल्टरनेटरच्या मागच्या बी प्लस बोल्टवर, म्हणजे बॅटरीकडे जाणारी जाड वायर जेथे जोडतात तेथे, चावी बंद असतानाही बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज असतो, त्यामुळे तेथे पाना लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीच पाहिजे. काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ ठिणगी किंवा विडी-सिगारेट नको.

आता त्या सवयीबद्दल. इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढायची आणि इंजिन बंद पडले नाही तर अल्टरनेटर चांगला समजायचे, ही पद्धत अजूनही सर्रास वापरली जाते. ती पूर्णपणे सोडून द्यावी. बॅटरी हा अल्टरनेटरवरचा मोठा आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा भार आहे. चार्जिंग चालू असताना तो अचानक सुटला, की रोटरमधले चुंबकत्व लगेच ओसरत नाही आणि व्होल्टेज उसळतो. संरक्षक डायोड नसलेल्या १२ व्होल्टच्या यंत्रणेत ही उसळी ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते आणि ४० ते ४०० मिलिसेकंद टिकू शकते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत त्याने एखादा दिवा उडाला असता. आजच्या गाडीत इंजिनाचा ईसीयू (नियंत्रण करणारा छोटा संगणक), एबीएस किंवा मीटर क्लस्टर जाऊ शकतो. शिवाय या चाचणीतून काही कळतही नाही, कारण एक डायोड गेलेला अल्टरनेटरसुद्धा इंजिन चालू राहण्याइतकी वीज देत राहतो.

पहिली पायरी: बॅटरी

उतरलेल्या किंवा सदोष बॅटरीवर अल्टरनेटरची कोणतीही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही. गाडी नुकतीच चालली असेल तर बॅटरीच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज उतरवण्यासाठी हेडलाइट दोन मिनिटे चालू ठेवून बंद करावेत, थोडा वेळ थांबावे आणि मग बॅटरीच्या शिशाच्या दोन्ही खांबांवर थेट प्रोब टेकवून व्होल्टेज मोजावा. १२.६ किंवा त्याहून थोडा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मा आणि १२.० म्हणजे सुमारे एक चतुर्थांश. आकडा १०.५ च्या आसपास अडकलेला असेल आणि चार्ज करूनही वर जात नसेल, तर सहापैकी एक सेल मेलेला आहे असे समजावे. अशी बॅटरी गाडीत ठेवून नवा अल्टरनेटर बसवला तर तोही सतत पूर्ण ताकदीने चालून तापतो आणि लवकर जातो.

यानंतर एका माणसाला चावी फिरवायला सांगून स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज पाहावा. चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज तेव्हा ९.६ च्या खाली जात नाही. त्याहून खाली घसरत असेल तर बॅटरी आधी बाहेर चार्जरवर पूर्ण चार्ज करावी, पुन्हा तपासावी आणि तरीही तेच घडत असेल तर बदलावी.

दुसरी पायरी: डोळ्यांनी आणि हातांनी

इंजिन बंद असताना पट्टा पाहावा. व्ही आकाराचा जुना फॅन बेल्ट दोन पुलींच्या मध्यभागी अंगठ्याने दाबला तर साधारण १ सेंटिमीटर दबला पाहिजे. त्याहून सैल असेल तर तो भार आल्यावर घसरतो. कडा काचेसारख्या चकचकीत झालेला पट्टा कितीही ताणला तरी घसरतोच. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना येणारी आणि हेडलाइट लावल्यावर वाढणारी किंकाळी ही त्याचीच खूण आहे. अनेक सरी असलेल्या सपाट पट्ट्यात ताण स्प्रिंगच्या टेन्शनरकडे असतो, तेव्हा पट्ट्याबरोबर टेन्शनरही पाहावा. काही डिझेल गाड्यांत पुलीमध्ये एका दिशेने मोकळी फिरणारी क्लच असते. ती गेली तर इंजिन चालू असूनही रोटर पुरेसा फिरत नाही आणि आतले सगळे भाग शाबूत असताना चार्जिंग बंद पडते.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट क्षार साचला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो धुवावा, सुकवावा आणि क्लॅम्प घट्ट करावा. कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे लगच्या आतल्या तांब्याच्या तारा बाहेरचे प्लास्टिक शाबूत असतानाही काळ्या पडतात, म्हणून वायर लगजवळ वाकवून पाहावी. ती कडक आणि खरखरीत लागली तर आतून कुजलेली असते. गोदामाजवळ किंवा शेतात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी अल्टरनेटरच्या कनेक्टरची बारीक वायर कुरतडणे हे मुळीच दुर्मिळ नाही. शेवटी अल्टरनेटरवर वरून इंजिन ऑइल किंवा कूलंट टपकत नाही ना, हे पाहावे, कारण तेलाने माखलेले ब्रश स्लिप रिंगवर नीट टेकत नाहीत.

तिसरी पायरी: चार्जिंगचा दिवा काय सांगतो

जुन्या पद्धतीच्या गाड्यांत हा दिवा केवळ सूचना देत नाही. चावी ऑन केल्यावर बॅटरीची वीज या दिव्यातून अल्टरनेटरच्या एल टर्मिनलवर आणि तेथून रोटरमध्ये जाते, व त्यातूनच सुरुवातीचे चुंबकत्व मिळते. म्हणून चावी ऑन आणि इंजिन बंद असताना दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर कनेक्टर काढून एलच्या वायरचे टोक १२ व्होल्टच्या छोट्या टेस्ट लॅम्पमार्फत बॉडीला टेकवावे. आता डॅशबोर्डचा दिवा लागला, तर वायर आणि दिवा ठीक आहेत आणि दोष अल्टरनेटरच्या आत, म्हणजे बहुधा झिजलेल्या ब्रशमध्ये किंवा तुटलेल्या रोटरमध्ये आहे. तरीही लागला नाही, तर दिवा उडालेला आहे किंवा वायर तुटलेली आहे, आणि केवळ त्यामुळेही अल्टरनेटर चार्जिंग सुरू करत नाही.

इंजिन चालू असताना दिवा मंद जळत राहिला तर डायोडचा किंवा वायरमध्ये व्होल्टेज घटत असल्याचा संशय घ्यावा. चावी काढून घेतल्यावरही दिवा मंद जळत असेल, तर पॉझिटिव्ह बाजूचा डायोड शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी आहे, कारण बॅटरीची वीज उलटी येऊन दिव्यात पोहोचते आहे. नव्या गाड्यांत मात्र हा दिवा ईसीयू चालवतो, त्यामुळे तेथे असा थेट निष्कर्ष काढू नये आणि अल्टरनेटरची सिग्नल वायर टेस्ट लॅम्पने तपासू नये.

चौथी पायरी: भार नसताना आणि भार देऊन व्होल्टेज

सगळे दिवे, पंखा आणि एसी बंद ठेवून इंजिन सुरू करावे, मिनिटाला सुमारे १५०० ते २००० फेऱ्यांवर स्थिर ठेवावे आणि बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज पाहावा. साधारण १३.८ ते १४.५ हा निरोगी पल्ला आहे. बॉनेटखाली भरपूर तापलेल्या गाडीत, विशेषतः विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी, आकडा १३.६ किंवा १३.७ दिसला तरी घाबरू नये, कारण तापमान वाढले की बॅटरी उकळू नये म्हणून रेग्युलेटर व्होल्टेज मुद्दाम थोडा उतरवतो. व्होल्टेज १२.६ च्या खालीच राहून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होतच नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे किंवा बॅटरीचा व्होल्टेज रेग्युलेटरपर्यंत नेणारी सेन्सची वायर सैल झाली आहे. बॅटरीचे पाणी वारंवार कमी होणे, सडक्या अंड्यासारखा वास येणे आणि बल्ब सारखे उडणे ही जादा चार्जिंगची लक्षणे दिसली, तर ती दुरुस्त होईपर्यंत गाडी लांब नेऊ नये.

एक अपवाद लक्षात ठेवावा. बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवरच छोटा सेन्सर बसवलेल्या नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी ईसीयू चार्जिंग मुद्दाम कमी करतो, आणि बॅटरी भरलेली असताना व्होल्टेज १२.५ ते १२.९ पर्यंत खाली येऊ शकतो. अशा गाडीत हेडलाइट आणि पंखा लावून पाहावे. व्होल्टेज वर गेला तर अल्टरनेटर आज्ञा पाळतो आहे. न गेल्यास स्कॅनर लावून ईसीयू किती व्होल्टेज मागतो आहे ते पाहावे आणि मगच निकाल द्यावा.

आता भार द्यावा. हाय बीम, पंखा पूर्ण वेगावर, मागच्या काचेचा डीफॉगर आणि काच ओली करून वायपर, एवढे सगळे लावावे. हाय बीमचे ६० वॅटचे दोन बल्ब मिळूनच सुमारे १० अँपिअर घेतात. बाकीचे धरून भार सहज ३० ते ४० अँपिअरपर्यंत जातो. २००० फेऱ्यांवर व्होल्टेज १३.५ च्या आसपास किंवा वर टिकला पाहिजे. आयडलिंगला तो १३ पर्यंत उतरणे छोट्या अल्टरनेटरच्या बाबतीत दोष नव्हे, कारण त्या वेगाला त्याची क्षमताच कमी असते. पण वेग वाढवूनही व्होल्टेज १३ च्या खाली राहत असेल, तर पुढच्या दोन चाचण्या टाळू नयेत.

पाचवी पायरी: व्होल्टेजची घट

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी चाचणी आहे. वायरची सातत्य चाचणी बीप देऊन सगळे ठीक असल्याचे सांगते, कारण तिच्यातून नगण्य प्रवाह वाहतो. पण ज्या सांध्याचा रोध फक्त ०.०१ ओहम आहे, त्यातून ५० अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट तेथेच नाहीसा होतो आणि साधा मल्टीमीटर ०.०१ ओहम दाखवूच शकत नाही. म्हणून सांधा रोधाने न मोजता, त्यातून प्रत्यक्ष प्रवाह वाहत असताना मोजावा लागतो.

वरचा सगळा भार चालू ठेवून, इंजिन २००० फेऱ्यांवर असताना, मीटर डीसी २ व्होल्टच्या किंवा २००० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवावा. लाल प्रोब अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टच्या टोकावर आणि काळा प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर टेकवावा. प्रोब लगवर किंवा क्लॅम्पवर ठेवू नये, कारण मग लग आणि बोल्ट यांच्यातला, म्हणजे बहुधा खराब असलेला, सांधा मोजणीतून सुटतो. येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंतची घट चालते. नंतर लाल प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर धातू खरवडून उघड्या केलेल्या जागी आणि काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवावा. येथे घट ०.२ च्या आत असावी. मीटरने ऋण चिन्ह दाखवले तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

समजा, बॅटरीवर १३.४ व्होल्ट दिसतात, पॉझिटिव्ह बाजूची घट ०.६ आणि अर्थिंगच्या बाजूची ०.३ आहे. याचा अर्थ अल्टरनेटर स्वतः १४.३ व्होल्ट तयार करतो आहे, तो निर्दोष आहे आणि वाटेत ०.९ व्होल्ट हरवत आहेत. असा अल्टरनेटर बदलून काहीही साध्य होणार नाही. जास्त घट सापडली की काळा प्रोब एकेक सांधा पुढे सरकवत न्यावा: आधी बी प्लसचा लग, मग वायरचे दुसरे टोक, मग फ्युजिबल लिंकच्या (जादा प्रवाहाने वितळणाऱ्या मुख्य फ्यूजच्या) दोन्ही बाजू. जेथे आकडा एकदम उडी मारतो तोच सांधा खराब असतो. बोट लावून पाहिले तर तो बहुतेक वेळा गरमही लागतो.

अर्थिंगच्या बाजूला दोष बहुधा इंजिन आणि चेसिस यांना जोडणाऱ्या विणलेल्या पट्टीत असतो. ती तुटली, की स्टार्टरचा प्रवाह क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल गरम होणे किंवा हेडलाइट लावताच तापमानाचा काटा वर चढणे, अशी विचित्र लक्षणे दिसली तर ही पट्टी आधी पाहावी. ज्या गाड्यांत सेन्सची वायर थेट बॅटरीपासून येते, तेथे रेग्युलेटर घट भरून काढतो, म्हणून बॅटरीवरचा व्होल्टेज बरोबर दिसला तरी ही चाचणी करावीच.

सहावी पायरी: डायोड आणि एसी लहर

व्होल्टेज १४ दिसतो, तरी बॅटरी आठवड्याभरात उतरते, रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणारी शीळ येते, अशी तक्रार असेल तर डायोडकडे वळावे. चांगली डायोड प्लेट जवळजवळ सपाट डीसी देते. एक डायोड उघडा पडला (म्हणजे प्रवाह कोणत्याच दिशेने जाऊ देईनासा झाला) किंवा शॉर्ट झाला की त्यात एसीची लहर मिसळते. इंजिन चालू आणि मध्यम भार असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या खांबांवर मोजावे. निरोगी यंत्रणेत आकडा बहुधा ०.१ व्होल्टच्या आसपास असतो, ०.५ व्होल्टच्या वर गेला तर डायोड गेल्याचे धरून चालावे.

पण या चाचणीत स्वस्त मीटर फसवतो. त्याची एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते आणि तो डीसी अडवत नाही. बंद गाडीच्या बॅटरीवर तो एसी रेंजमध्ये लावून पाहावा: एका दिशेने २६-२८ व्होल्ट आणि प्रोब उलटे केल्यावर शून्य दाखवत असेल, तर त्या मीटरने ही चाचणी होणार नाही. अशा वेळी गाडीवरच दुसऱ्या पद्धतीने डायोड तपासावेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, मग बी प्लसची वायर आणि कनेक्टर काढावा. मीटर डायोडच्या चिन्हावर ठेवून लाल प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि काळा प्रोब बी प्लस बोल्टवर लावावा. प्रवाह येथे एकापाठोपाठ दोन डायोडमधून जातो, म्हणून साधारण ०.८ ते १.० व्होल्ट दिसले पाहिजेत. ०.४ ते ०.५ दिसले तर एका बाजूचा डायोड शॉर्ट आहे, आणि जवळजवळ शून्य दिसले तर दोन्ही बाजू शॉर्ट आहेत. उघडा पडलेला डायोड मात्र या पद्धतीने सापडत नाही. त्यासाठी अल्टरनेटर खोलावाच लागतो.

सातवी पायरी: गाडी उभी असताना होणारी गळती

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि बॅटरीच्या खांबाच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडावा. दारे बंद, चावी दूर आणि बॉनेटची कळ दाबलेल्या स्थितीत असावी. आतले सगळे ईसीयू झोपी जाण्यासाठी अर्धा तास द्यावा आणि या काळात स्टार्टर मारू नये. शेवटी स्थिरावलेला प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. अर्ध्या अँपिअरची गळतीसुद्धा दिवसाला १२ अँपिअर-तास खाते, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांच्या आत रिकामी होते. प्रवाह जास्त असेल तर बॅटरी सोडवून बी प्लसची वायर आणि कनेक्टर अल्टरनेटरवरून काढावा, वायरचे उघडे टोक इन्सुलेशन टेपने गुंडाळावे आणि पुन्हा मोजावे. आता प्रवाह उतरला तर गळती अल्टरनेटरमधून होती. नाही उतरला तर एकेक फ्यूज काढून शोध घ्यावा.

उतरवल्यानंतर टेबलावर

येथवर येऊन अल्टरनेटरच दोषी ठरला, तर तो खोलताना पुढच्या आणि मागच्या झाकणावर एकाच रेषेत खूण करून ठेवावी.

आधी ब्रश पाहावेत. होल्डरबाहेर ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरलेले, तिरके झिजलेले किंवा स्प्रिंग अडकलेले ब्रश बदलावेत. स्लिप रिंग काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने गोलाकार साफ कराव्यात. खोल चर पडला असेल तर रिंगच बदलावी लागते. रोटरच्या दोन रिंगांमधला रोध १२ व्होल्टच्या अल्टरनेटरमध्ये साधारण २ ते ५ ओहम येतो. अनंत म्हणजे तार तुटली, आणि एक ओहमच्याही खाली म्हणजे वेटोळी आपसात शॉर्ट झाली. असा रोटर जादा प्रवाह ओढून नवा रेग्युलेटरही जाळतो. प्रत्येक रिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये मीटरने काहीच दाखवता कामा नये.

स्टेटरच्या तीन वायरी डायोड प्लेटपासून सोल्डर सोडवून मोकळ्या कराव्यात. त्यांच्या जोड्यांमधला रोध एक ओहमपेक्षा कमी पण तिन्ही जोड्यांत सारखा असतो, आणि लोखंडी गाभ्याशी संपर्क नसावा. दोन-चार वेटोळी आपसात शॉर्ट झाली असतील तर मल्टीमीटर ते पकडू शकत नाही. तेथे नजर आणि नाक अधिक उपयोगी पडते. वॉर्निश एकाच फेजवर काळे पडले असेल आणि जळका वास येत असेल, तर मीटर काहीही म्हणो, स्टेटर गेला आहे. आता मोकळ्या झालेल्या प्लेटवरचा प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी तपासावा: एका दिशेने ०.४ ते ०.७ व्होल्ट, उलट दिशेने काहीच नाही. वर सांगितलेला उघडा डायोड येथे सापडतो. सगळे भाग ठीक निघाले आणि चार्जिंग तरीही नसेल किंवा जादा असेल, तर रेग्युलेटर बदलावा.

दुरुस्तीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ब्रश, रेग्युलेटर, बेअरिंग आणि डायोड प्लेट नामांकित कंपनीची आणून बदलणे फायद्याचे आहे. स्टेटर किंवा रोटर जळालेला असेल तर रिवाइंडिंग फक्त अशाच कारागिराकडून करावे, जो मूळ जाडीचीच तार वापरतो, वॉर्निश भाजून पक्के करतो आणि रोटरचे बॅलन्सिंग करून देतो. पुलीच्या प्रमाणामुळे रोटर इंजिनाच्या अडीच-तीनपट वेगाने फिरतो, आणि असंतुलित रोटर नवे बेअरिंग फार काळ टिकू देत नाही.

परत बसवताना

बी प्लसचा लग, बोल्ट आणि अल्टरनेटरचे माउंटिंग पॉलिश पेपरने चकचकीत करूनच आवळावे, कारण बहुतेक गाड्यांत अल्टरनेटरची निगेटिव्ह बाजू माउंटिंगमधूनच पूर्ण होते. काही डिझेल जीप आणि मालवाहू गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. तेथे तेलाची आणि व्हॅक्यूमची नळी नीट जोडून, इंजिन सुरू करून ब्रेक पेडल दोन-तीन वेळा दाबून पाहिल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. पेडल दगडासारखे कडक लागले तर व्हॅक्यूम तयार होत नाही. त्यानंतर चौथ्या आणि पाचव्या पायरीतले आकडे पुन्हा घेऊन गाडीच्या वहीत तारखेसह लिहावेत. व्ही बेल्ट नवा असेल तर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर त्याचा ताण पुन्हा तपासावा, कारण नवा पट्टा बसताना थोडा सैलावतो.